स्ट्राँगच्या शब्दसूचीत ‘हृदय’ शोधताना

जेम्स स्ट्राँग यांची बायबलची शब्दसूची १८९० साली निघाली, आणि आजही अभ्यासाला बसलेली माणसं ‘याचा स्ट्राँग नंबर काय?’ असंच विचारतात. किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातला प्रत्येक शब्द कोणकोणत्या वचनांत आलाय आणि त्यामागे मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द कोणता, हे ती क्रमांकाने दाखवते. हिब्रूचे क्रमांक ८६७४ पर्यंत, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. तिची खरी परीक्षा ‘हृदय’ या शब्दावर होते, कारण बायबलातलं हृदय आणि आपल्या बोलण्यातलं हृदय यांत बरंच अंतर आहे.

आधी क्रमांक जमवायचे. हिब्रूत ३८२० म्हणजे लेब आणि ३८२४ म्हणजे लेबाब. दोन्हींचा अर्थ एकच, पण स्ट्राँगने वेगळे धरले आहेत. एकच शोधला तर शेकडो वचनं सुटतात. इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. दानीएलाच्या पुस्तकातल्या अरामी भाषेतल्या भागासाठी ३८२१ आणि ३८२५ निराळे. ग्रीकमध्ये २५८८, कार्दिया. छापील प्रतीत हिब्रूचे आकडे सरळ आणि ग्रीकचे तिरके असतात. हे लक्षात ठेवलं नाही तर भलत्याच शब्दाचा अर्थ हाती येतो.

आता या पुस्तकाची खरी कमाई. इंग्रजीत ‘हार्ट’ हा शब्दच नाही अशा जागी मुळात लेब आहे, हे पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दकोशामुळे उघड होतं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एका आडव्या रेघेनंतर किंग जेम्सने त्या शब्दासाठी वापरलेल्या प्रतिशब्दांची यादी असते. लेबपुढे समज, शहाणपण, मध्य, खुशीने, धीर देऊन अशा अर्थांचे शब्द दिसतात. यादीतला एकेक शब्द घेऊन पुस्तकाच्या सुरुवातीच्या मुख्य सूचीत त्याची वचनं काढा. नीतिसूत्रे ६:३२ मधला व्यभिचारी इंग्रजीत ‘समज नसलेला’ आहे. मुळात तो ‘हृदय नसलेला’ आहे. ईयोब १२:३ मध्ये ‘मलाही समज आहे’ म्हणताना ईयोब लेबाब हाच शब्द वापरतो. यशया ४०:२ मध्ये यरुशलेमेशी ‘धीर देऊन’ बोलायचं म्हणजे अक्षरशः ‘हृदयाशी’ बोलायचं. उत्पत्ति ३१:२० मध्ये याकोब लाबानाचं हृदय ‘चोरतो’, म्हणजे त्याला फसवतो. प्रेमाचा तिथे संबंधच नाही. मग २ शमुवेल १५:६ मध्ये अबशालोम इस्राएल लोकांची हृदयं चोरतो, ते वाक्यही निराळं ऐकू येतं.

इजिप्तचा राजा फारो याच्या हृदयावर तर ही सूची सोन्यासारखी चालते. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘हार्डन’. क्रमांक पाहिले की तीन क्रियापदं सुटी होतात: निर्गम ४:२१ मध्ये २३८८, घट्ट किंवा बळकट करणं, ७:३ मध्ये ७१८५, कठीण करणं, ८:१५ मध्ये ३५१३, जड करणं. शेवटच्या ठिकाणी जड करणारा फारो स्वतःच आहे. (हिब्रू बायबलात हे वचन ८:११ ला मिळेल. आकडे जुळले नाहीत तर सूचीला दोष देऊ नका.)

दोष मात्र आहेत. लेबच्या नोंदीत भावना, इच्छा आणि ‘बुद्धीसुद्धा’ असा क्रम लावलाय. तो ‘सुद्धा’ चुकीचा आहे. बायबलात माणूस विचार करतो, ठरवतो, लक्षात ठेवतो ते हृदयातच. बुद्धी ही शेपटीला जोडायची गोष्ट नव्हे. नोंद वाचून हृदय म्हणजे मुख्यतः भावना असं समजणाऱ्याला वरची नीतिसूत्रांतली आणि ईयोबातली वचनं कोड्यात टाकतात. दुसरी चूक वाचकांची: प्रतिशब्दांची ती यादी अर्थांची टोपली समजून हवा तो अर्थ हव्या त्या वचनाला लावायचा. यादी फक्त भाषांतरकारांनी कुठे काय लिहिलं ते सांगते. अर्थ वाक्यातूनच काढावा लागतो.

उलट, इंग्रजीत ‘हार्ट’ आहे म्हणून मुळात लेब असेलच असंही नाही. निर्गम २३:९ मधल्या परक्याच्या ‘हृदया’मागे नेफेश, म्हणजे जीव, आहे (५३१५). स्तोत्र ४०:८ मध्ये देवाचं नियमशास्त्र ‘आतड्यांत’ आहे (४५७८). ग्रीकमध्ये कळवळ्यासाठी स्प्लांख्ना येतो (४६९८). तोही आतड्यांचाच शब्द. किंग जेम्सने फिलिप्पैकरांस १:८ मध्ये तो शब्दशः ठेवला आणि आजच्या इंग्रजी वाचकाला ते विचित्र वाटतं. आतडं तुटणं आणि पोटात माया असणं रोज ऐकणाऱ्या मराठी माणसाला मात्र टीप लागत नाही.

सूची जिथे हतबल ठरते ती जागा म्हणजे किंग जेम्समागचा ग्रीक पाठ, म्हणजे ज्यावरून ते भाषांतर झालं तो मूळ मजकूर. इफिसकरांस १:१८ मध्ये त्या पाठात ‘बुद्धीचे डोळे’ आहेत, तर जुन्या हस्तलिखितांवर आधारलेल्या आजच्या पाठात ‘हृदयाचे डोळे’. कार्दियाखाली शोधणाऱ्याला हे वचन सापडणारच नाही. जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागाचं, प्राचीन ग्रीक भाषांतरही सूचीबाहेर आहे, त्यामुळे लेबाबपासून कार्दियापर्यंतचा पूल इथे बांधता येत नाही.

मराठी बायबलात याच शब्दांसाठी अंतःकरण, हृदय, मन असे वेगवेगळे शब्द येतात. म्हणून मराठी शब्दावरून क्रमांकाकडे जाऊ नका. आधी अध्याय आणि वचन पक्कं करा, मग इंग्रजी ओळीत क्रमांक बघा. छापील प्रत जाड असते आणि अक्षरं बारीक. संक्षिप्त आवृत्ती या कामाला निरुपयोगी, कारण वगळलेली वचनं कोणती ते कळत नाही. मूळ सूचीवरचे हक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे तिचे क्रमांक जोडलेली बायबलं संगणकावर फुकट मिळतात. तिथे ३८२० आणि ३८२४ एकत्र शोधता येत असतील तर छापील प्रत घेण्याची गरज नाही.