ऑनलाइन कपल आणि फॅमिली थेरपी: काही महिन्यांचा अनुभव, पैशांच्या बाजूसह

मी आणि माझा नवरा बरेच महिने व्हिडिओवरून कपल थेरपी घेतो आहोत. मध्यंतरी आमची पंधरा वर्षांची मुलगी आणि दुसऱ्या शहरात राहणारे सासरेही त्यात आले, त्यामुळे फॅमिली थेरपीचाही अनुभव गाठीला आहे. उपयोग झाला का, असं विचाराल तर हो, नक्की झाला. पण सुरू करण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला वाटतं ते पैशांबद्दल. फी कोण भरणार, कुठून भरणार आणि फाइल कुणाच्या नावावर उघडणार, हे तिघं मिळून, म्हणजे तुम्ही दोघं आणि थेरपिस्ट, पहिल्या एक-दोन सेशनमध्येच स्पष्ट बोला. त्याचा परिणाम थेट थेरपीवर होतो.

कारण असं आहे. कपल थेरपीत उपचार दोघांमधल्या नात्यावर होतात, आणि विम्याची सगळी रचना एका माणसाच्या आजारावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात जोडीदाराशी असलेल्या नात्यातल्या अडचणींना झेड६३.० हा कोड आहे, पण झेडने सुरू होणारे कोड आजारांचे नसतात. तब्येतीवर परिणाम करणारी परिस्थिती नोंदवण्यासाठी ते असतात. म्हणून नुसत्या ‘आमचं पटत नाही’ या कारणावर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. दोघांपैकी एकाला नैराश्य किंवा चिंतेचा आजार असल्याचं निदान झालेलं असेल, तर काही ठिकाणी त्याच्या उपचाराचा भाग म्हणून जोडीदारासोबतचं सेशन मंजूर होतं. नवऱ्याने पूर्वी नैराश्यावर उपचार घेतले होते, त्यामुळे हा रस्ता आमच्यापुढे होता.

थेरपिस्टने दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. निदान खरं आणि आत्ताचं असेल तरच ती ते लिहिणार होती, पैसे मिळावेत म्हणून आजार लिहून देणार नव्हती. ते मला आवडलं. पण खरं निदान असलं तरी फाइल त्याच्या नावाने उघडते, कागदोपत्री पेशंट तो होतो, आणि ती नोंद पुढे मागे लागू शकते. शिवाय घरातल्या भांडणात ‘उपचार तर तुझ्यावर चाललेत’ हे वाक्य आयतं हाताशी येतं. आम्ही तो रस्ता सोडला. ज्यांना खर्च दुसऱ्या कशानेच झेपणार नाही त्यांनी तो जरूर घ्यावा, फक्त विमा कंपनीला आधी लेखी विचारावं: जोडीदारासोबतचं सेशन चालतं का, व्हिडिओवरचं चालतं का, आणि थेरपिस्ट त्यांच्या यादीतलाच लागतो का.

आमची सुरुवात माझ्या ऑफिसच्या कर्मचारी सहाय्य योजनेतून झाली. ठरावीक सेशन्स मोफत, जोडीदारालाही घेता येतं, आणि कंपनीला नावं कळत नाहीत असं त्यांनी लिहून दिलं होतं. तुमच्याकडे अशी योजना असेल तर तिचे नियम वाचून घ्या, बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. एक प्रश्न मात्र पहिल्या दिवशी विचारा: मोफत सेशन्स संपल्यावर हाच थेरपिस्ट पुढे ठेवता येईल का? आमच्या बाबतीत येत नव्हता. जेमतेम बोलायला लागलो होतो तेवढ्यात माणूस बदलला आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. नवरा तिथेच थांबणार होता, मोठ्या मुश्किलीने तयार झाला.

त्यानंतर एका अ‍ॅपची मासिक वर्गणी घेतली. जाहिरातीत ‘कपल थेरपी’ होतं, पण मुख्य भर मेसेजवर. मी रात्री लिहायचे, उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं, आणि नवरा ते वाचून चिडायचा. दोन माणसं एकमेकांशी बोलताना काय होतं ते थेरपिस्टला दिसलंच पाहिजे. लेखी गप्पांत ते दिसत नाही. न वापरलेल्या आठवड्यांचे पैसेही परत मिळाले नाहीत. वर्गणी घेण्याआधी त्यात थेट व्हिडिओ सेशन्स किती, किती मिनिटांची, आणि मध्येच थांबलं तर काय, एवढं तरी बघा.

शेवटी स्वतंत्र प्रॅक्टिस करणारी थेरपिस्ट मिळाली आणि तिथे जम बसला. तिचं खास प्रशिक्षण कपल थेरपीचं आहे. हे तपासणं फार गरजेचं, कारण एकेकट्या माणसासोबत उत्तम काम करणारा दोघांसमोर गोंधळू शकतो. ती इमोशनली फोकस्ड थेरपीच्या पद्धतीने काम करते. ही पद्धत सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात मांडली. भांडणाचा विषय काय यापेक्षा भांडण कसं फिरतं यावर तिचं लक्ष असतं. आमच्यात मी पाठपुरावा करते आणि तो गप्प होतो, तो जितका गप्प तितकी मी जोरात. हे चक्र तिने आमच्या डोळ्यांसमोर थांबवून दाखवलं, आणि त्या गप्प बसण्यामागे बेफिकिरी नसून भीती आहे हे मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं. फक्त एवढ्यासाठी सगळी फी वसूल झाली असं मी म्हणेन.

फीबद्दल तिला सरळ विचारलं. उत्पन्नानुसार कमी फीच्या काही जागा ती ठेवते, पण ते आपणहून जाहीर करत नाही. विचारायला लाजू नका. पन्नास मिनिटांची दोन सेशन्स घेण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा ऐंशी मिनिटांचं एक आम्हाला जास्त मानवलं, कारण पन्नास मिनिटांत दोघांचं बोलणं जेमतेम उघडतं आणि वेळ संपते. खर्चही थोडा कमी झाला. सेशन रद्द करण्याचा नियम आधी समजून घ्या, आदल्या दिवशीपर्यंत न कळवल्यास बहुतेकजण पूर्ण फी घेतात. आणि पैसे दोघांच्या सामाईक खात्यातून द्या. सुरुवातीला सगळं मी भरत होते, तेव्हा नवरा पाहुण्यासारखा येऊन बसायचा. तोही भरायला लागल्यावर प्रश्न विचारू लागला.

याहून स्वस्त हवं असेल तर प्रशिक्षण संस्थांची केंद्रं बघा. तिथे शिकणारे थेरपिस्ट अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतात, आणि देखरेखीसाठी तुमच्या परवानगीने सेशन रेकॉर्ड होऊ शकतं. माझ्या मैत्रिणीला तिथे चांगली मदत मिळाली. स्वतःच करायचे ऑनलाइन कार्यक्रमही आहेत. ब्रायन डॉस आणि अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांच्या अवररिलेशनशिप या कार्यक्रमाची ३०० जोडप्यांवर चाचणी होऊन २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि नात्यातलं समाधान वाढल्याचं त्यात दिसलं. फार टोकाला न गेलेल्या जोडप्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता ऑनलाइन असण्याबद्दल. दोघं एकाच स्क्रीनसमोर, थोडे एकमेकांकडे वळून बसलो की बरं चालतं. वेगवेगळ्या खोल्यांतून वेगळ्या उपकरणांवर बसलो तेव्हा दोघंही थेरपिस्टशीच बोलत राहिलो. स्क्रीनवर हात दिसत नाहीत, शांतता पसरली की नेटवर्क गेलं की काय असं वाटतं. दोघं एकदम बोललो की आवाज तुटतो, त्यामुळे नाइलाजाने एकेकाने बोलायची सवय लागली आणि ती टिकली आहे. सर्वांत अवघड सेशननंतरचा वेळ. कॉल बंद केला की आपण त्याच खोलीत असतो, मध्ये परतीचा रस्ता नसतो. थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे आम्ही लगेच त्या विषयावर बोलत नाही, दोघं वेगवेगळे थोडं चालून येतो.

फॅमिली सेशन्समध्ये मात्र ऑनलाइनचा खरा फायदा कळला. सासरे प्रवास करून कधीच आले नसते. आम्ही गेलो होतो ते ‘मुलगी हट्टी झाली आहे’ ही तक्रार घेऊन. थेरपिस्टने फॅमिली थेरपीचे एक प्रवर्तक मरे बोवेन यांच्या पद्धतीने तीन पिढ्यांच्या नात्यांचा नकाशा स्क्रीनवर काढला आणि प्रत्येकाला विचारलं, या घरात राग कुणाला येऊ दिला जातो? उत्तर देताना सासऱ्यांचा आवाज बदलला. मुलगी पहिल्यांदाच आजोबांचं पूर्ण ऐकून घेत होती. त्या दिवसानंतर तिला दुरुस्त करण्याचा विषय मागे पडला.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. घरात मारहाण, धमक्या किंवा जोडीदाराची भीती असेल तर एकत्र थेरपी घेऊ नका, ऑनलाइन तर नकोच. आमच्या थेरपिस्टने सुरुवातीला दोघांशी वेगळं बोलून हे विचारलं, पण दाराबाहेर कुणी ऐकतंय का हे तिला स्क्रीनवरून कळू शकत नाही. सेशनमध्ये खरं बोललेल्याची किंमत नंतर घरात मोजावी लागू शकते. अशा वेळी आधी सुरक्षित जागा आणि एकटीसाठी किंवा एकट्यासाठी मदत बघा.

तसंच दोघांपैकी एक जण नातं सोडण्याच्या विचारात असेल तर लांबलचक पॅकेज विकत घेऊ नका. त्यासाठी बिल डोहर्टी यांनी विकसित केलेलं डिसर्नमेंट काउन्सेलिंग आहे. ते जास्तीत जास्त पाच सेशन्सचं असतं, आणि थेरपी करायची की वेगळं व्हायचं हे ठरवण्यापुरतंच.

जोडीदार यायलाच तयार नसेल तर स्वतःसाठी थेरपी सुरू करता येते. फक्त पुढे दोघांसाठी तोच थेरपिस्ट घ्यायचा विचार असेल तर त्याला ते आधीच सांगा. महिनोन् महिने एकाचीच बाजू ऐकलेल्या माणसासमोर दुसऱ्याला बसणं जड जातं, आणि बरेच थेरपिस्ट म्हणूनच नकार देऊन दुसऱ्याचं नाव सुचवतात.