लेट स्टॉक स्ट्राइन : कानाने वाचायचा कोश

सिडनीला मुलीकडे राहायला आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात फोन करून वेळ घेण्याचा प्रसंग आला. आडनावाची अक्षरे सांगताना मी 'के' म्हटले आणि पलीकडच्या बाई खात्री करून घेण्यासाठी म्हणाल्या, "काय?" इथेही मराठी माणूस भेटला या आनंदात मी पुढचा 'ए' सांगितला, तर त्या "आय" म्हणाल्या. "आय नव्हे, ए" असे मी जितक्या वेळा सांगितले तितक्या वेळा त्यांनी "हो, आयच" असे शांतपणे उत्तर दिले. प्रत्यक्ष दवाखान्यात गेल्यावर पाहिले, तर कागदावर 'कदम' अगदी बिनचूक लिहिलेले होते. चूक माझ्या कानांची होती.

या प्रसंगानंतर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात चार डॉलरला मिळालेले 'लेट स्टॉक स्ट्राइन' हे चिमुकले पुस्तक मी अधाशासारखे वाचून काढले. १९६५ साली सिडनीत प्रसिद्ध झालेला हा ऑस्ट्रेलियन बोलीचा विनोदी कोश आहे. 'ऑस्ट्रेलियन' हा शब्द घाईने, मधली अक्षरे गिळून उच्चारला की 'स्ट्राइन' उरते आणि 'लेट्स टॉक'मधला 'स' पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला की पुस्तकाचे नाव तयार होते. कोशकार आहेत 'युनिव्हर्सिटी ऑफ सिनी'मधले स्ट्राइनचे प्राध्यापक अफरबेक लॉडर. 'सिनी' म्हणजे सिडनी हे चटकन कळते. मात्र 'अफरबेक लॉडर' म्हणजे 'अल्फाबेटिकल ऑर्डर', अर्थात अकारविल्हे, हे मला तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना उमगले. चित्रकाराचे नाव अल तेरेगो, म्हणजे 'आल्टर इगो'. ही दोन्ही सोंगे अॅलिस्टर मॉरिसन या एकाच गृहस्थाची असून ते व्यवसायाने ग्राफिक डिझायनर होते. पानांची मांडणी एखाद्या पंडिती कोशासारखी गंभीर दिसते, त्यामागे हा व्यवसाय असावा.

या साऱ्याचे मूळ १९६४ सालच्या एका घटनेत आहे. चार्ल्स डिकन्सची पणती आणि स्वतःही कादंबरीकार असलेल्या मोनिका डिकन्स सिडनीत आपल्या पुस्तकांवर सह्या देत बसल्या होत्या. एका बाईंनी पुस्तक पुढे करून "एमा चिझिट" असे म्हटले. हे त्यांचे नाव आहे असे समजून लेखिकेने 'एमा चिझिट यांस' असे लिहिले; बाई मात्र "हाऊ मच इज इट?" म्हणजे पुस्तकाची किंमत विचारत होत्या. 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'मध्ये ही बातमी आली आणि त्यातूनच मॉरिसन यांच्या स्तंभलेखनाला आणि पुढे या कोशाला विषय मिळाला.

बोलीचे विनोदी कोश म्हटले की आपल्यासमोर येतात ते मोबाइलवर फिरणाऱ्या मालवणी, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी शब्दांच्या याद्या, ज्यांतल्या निम्म्या शिव्या असतात आणि उरलेल्या निम्म्यांत 'काऊन' म्हणजे का, 'खंय' म्हणजे कुठे, असे सरळ शब्दार्थ असतात. मॉरिसन यांनी शब्दसंग्रहाला जवळजवळ हातच लावलेला नाही. लोक बोलतात ते शब्द साध्या, सर्वांच्या इंग्रजीतलेच आहेत. पण ते जसे कानावर पडतात तसे दुसऱ्याच, अस्तित्वात असलेल्या शब्दांच्या रूपात लिहिले आहेत. 'एअर कंडिशनर'चे 'एग निशनर' होते आणि खोलीतली हवा थंड करण्याचे यंत्र अशी त्याची व्याख्या येते. सरासरी या अर्थाचा 'अॅव्हरेज' 'एअर फ्रिज' होऊन बसतो. 'बेकन अँड एग्ज' या न्याहारीचे 'बेक्ड नेक्स', म्हणजे भाजलेल्या माना, होतात. 'स्लाइड रूल' हे आकडेमोडीचे साधन 'स्लाय ड्रूल' या नावाने येते आणि त्याने अभियंते 'क्यू ब्रूट्स' शोधतात, म्हणजे घनमुळे काढतात.

मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या माणसाला ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' हे सभंग श्लेषाचे उदाहरण आपण घोकलेले असते. तोच श्लेष इथे भाजीवाल्याच्या आणि बसच्या रांगेतल्या तोंडी आला आहे, एवढेच. फरक लिपीचा आहे. आपण देवनागरीत बव्हंशी ऐकतो तसे लिहितो, त्यामुळे मराठीत हेल लिहायला गेले तर कागदावर फक्त हेलच उमटतो. इंग्रजीत उच्चार आणि स्पेलिंग यांची फारकत होऊन शतके लोटली आहेत. म्हणून ऐकलेल्या ध्वनीला एखाद्या भलत्याच शब्दाचे कपडे चढवता येतात आणि वाचणाऱ्याला आधी अंडे दिसते, मग गार वारा लागतो. याच कारणाने या पुस्तकाचे मराठी भाषांतर होणे कठीण आहे, आणि वर मी देवनागरीत दिलेली उदाहरणे मुळापेक्षा फिकी आहेत हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

माझी सर्वांत आवडती नोंद 'एऑर्टा' ही आहे. शब्द महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, पण स्ट्राइनमध्ये तो 'दे ऑट टू', म्हणजे 'त्यांनी असे केले पाहिजे', या अर्थी येतो. बस वाढवल्या पाहिजेत, बस लहान केल्या पाहिजेत, अमक्याविरुद्ध कायदा केला पाहिजे, अशी तक्रारींची माळच लेखकाने ओवली आहे. हे 'ते' कोण, हे कोणीही सांगत नाही. एसटीच्या थांब्यावर उभे राहून "त्यांनी ना, खरं तर..." अशी सुरुवात करणाऱ्या आपल्याकडच्या काकांची आठवण आल्यावाचून राहत नाही. 'ग्लोरिया सोम', अर्थात 'ग्लोरियस होम', ही नोंदही अशीच बेतलेली आहे : उपनगरातले चौदा स्क्वेअरहून मोठे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेले घर. एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट, हे कळल्यावर डोंबिवलीत आयुष्य काढलेल्या मला या थट्टेतही थोडा हेवाच वाटला.

दोष आहेत. वीसएक नोंदी वाचल्या की युक्ती उघड होते आणि सलग वाचन कंटाळवाणे होऊ लागते. दिवसाला दोन नोंदी हे योग्य प्रमाण. स्लाइड रूल आता कोणाच्याही टेबलावर नाही, त्यामुळे काही विनोदांना आधी खुलासा लागतो. इथली बोली समजून घेण्याची किल्ली म्हणून कोणी हे घेणार असेल तर घेऊ नये. माझे दवाखान्याचे फोन यामुळे तसूभरही सोपे झालेले नाहीत. हे सामान्य लोकांच्या बोलण्याला हसणे आहे की त्यांच्यासोबत हसणे, ही शंका मलाही आली होती, कारण पुण्यात शिकताना माझ्या 'आनि'ला आणि 'पानी'ला जे हसू मिळाले ते मी विसरलेलो नाही. पण याच लेखकाने १९६८ साली 'फ्राफ्ली वेल स्पोकन' हे पुस्तक काढून लंडनच्या वेस्ट एंडमधल्या उच्चभ्रूंच्या 'फ्राइटफुली' शुद्ध इंग्रजीचीही अशीच चिरफाड केली आहे, हे समजल्यावर माझी तक्रार बरीच निवळली.

हे पुस्तक मोठ्याने वाचायचे आहे आणि ते योग्य तोंडाने वाचले पाहिजे. मी 'एऑर्टा'ची वाक्ये माझ्या सातारी इंग्रजीत वाचली तेव्हा ती नुसतीच असंबद्ध वाटली. इथेच जन्मलेल्या, दहा वर्षांच्या नातीच्या हाती पुस्तक दिले, तेव्हा तिने ती पहिल्याच फटक्यात वाचली आणि वाचता वाचता हसत सुटली. मग तिने मला काहीतरी भरभर बोलायला सांगितले. स्वयंपाकघरातून भाजीचा वास येत होता, म्हणून मी जे सुचले ते बोललो. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या गोल अक्षरांत तिने वहीवर लिहिले, 'जेवाय लाब सायचंका', आणि पेन्सिल चावत विचारले, "आजोबा, लाब म्हणजे काय?"