सावली रेंडर करावी की ब्रशने रंगवावी?

उन्हातल्या फरशीच्या फोटोवर थ्रीडी खुर्ची ठेवायची आहे. सावली ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या शॅडो कॅचरने (म्हणजे स्वतः न दिसता फक्त सावली झेलणाऱ्या पृष्ठभागाने) रेंडर करावी, म्हणजे संगणकाकडून चित्र काढून घ्यावं, की गिंप या फोटो एडिटरमध्ये हाताने काढावी? दोन्ही फुकट, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही.

मेहनत: कॅचरची सगळी मेहनत सुरुवातीला. एफस्पाय या कॅमेरा जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फोटोतल्या समांतर कडांवरून कॅमेरा जुळवा, ब्लेंडरमध्ये फरशीच्या जागी प्लेन (सपाट पृष्ठभाग) ठेवून शॅडो कॅचर चालू करा, फिल्म सेटिंगमध्ये ट्रान्स्परंट (पारदर्शक पार्श्वभूमी) निवडा. नंतर खुर्ची हलवली तरी फक्त पुन्हा रेंडर. ब्रशने मात्र प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

कडा: सूर्य सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून सावली पाडणारा भाग मीटरभर लांब असेल तर तिची कड साधारण ९ मिलिमीटर धूसर होते, पायाशी मात्र रेघ धारदार. ब्लेंडरच्या सन लाइटचा अँगल ०.५३ अंश ठेवला की हे आपोआप जमतं. हाताने करताना सगळीकडे एकच ब्लर दिला जातो आणि खुर्ची तरंगते. पायाखालची बारीक गडद सावली वेगळ्या लेयरवरच काढा.

रंग: इथे दोन्हीकडे घोळ. फोटोही ब्लेंडरमध्येच जोडत असाल तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसतील ती सेटिंग) स्टँडर्ड करा, एजीएक्स या दुसऱ्या पर्यायात फोटो फिका पडतो. गिंपमध्ये फोटोतल्या सावलीचाच रंग उचलून मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा लेयर मोड) केला, तर फरशीचा रंग दोनदा लागून सावली कोळसा होते. फिकट निळसर करडा घ्या.

फोटोतल्या आधीच्या सावलीवर नवी चढून दुप्पट काळी झाली, तर ती मास्कने (लेयरचा भाग झाकून) पुसावीच लागते. रेंडरवाल्यांचीही त्यातून सुटका नाही.

एकच फोटो, साधा डबा किंवा बाटली, ढगाळ उजेड: ब्रश पुरे. जाळीदार वस्तू, कडक ऊन किंवा एकाच जागेचे अनेक फोटो असतील तर कॅचरच.