धनशक्ती बाजरी, तीन खरीप पेरून बघितली (5 पैकी 4)

आमची माण तालुक्यातली मुरमाड जमीन, पाऊस आला तर आला, त्यामुळे बाजरीशिवाय पर्याय नाही. आधी सगळी हायब्रीडच पेरायचो. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा कुणीतरी जास्त लोह असलेल्या धनशक्ती बाजरीचं सांगितलं. दुकानात मागितली तर आधी हायब्रीडच पुढं केलं, धनशक्तीची दीड किलोची पिशवी मिळायला चार चकरा झाल्या.

हे वाण 2012 साली महाराष्ट्रात आलं, इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आणि राहुरी कृषी विद्यापीठ यांचं. मूळ आफ्रिकेतल्या टोगोच्या गावरान बाजरीचं, त्यातनं निघालेल्या जुन्या वाणातली जास्त लोहाची झाडं निवडून निवडून हे केलंय. किलोला साधारण 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 जस्त. वरनं काही फवारलेलं नाही, दाण्यातच आहे. महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांना काही महिने याच्या भाकऱ्या आणि शेव खायला देऊन अभ्यास केला होता, त्यात मुलांचं अंगातलं लोह वाढलेलं दिसलं. मुलीला डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत, भाकरी त्याच्या जोडीला, भाकरीनं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही.

पीक 75 ते 78 दिवसांत हातात येतं, पावसानं मधेच दडी मारली तरी निभावतं. गोसावी, म्हणजे केवडा रोग, तिन्ही वर्षांत दिसला नाही. दाणा टपोरा, करडा. एकरी 7 क्विंटल निघाली, शेजारच्या हायब्रीडला 9 होती, हा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण हायब्रीडचं बी दरवर्षी विकत आणावं लागतं, हे घरचं धरता येतं आणि माझ्यासाठी तीच मोठी गोष्ट आहे. फक्त बाजूला हायब्रीड असेल तर परागानं भेसळ होते, म्हणून मी रानाच्या मधल्या भागातली चांगली कणसं उभ्या पिकातच खूण करून वेगळी काढते, आणि दोन-तीन वर्षांनी एक नवीन पिशवी आणायचीच.

पीठ मात्र आठ दिवसांच्या वर ठेवू नका, कडवट होतं, सगळ्याच बाजरीचं होतं तसं.

एक तारा कापला तो बाजारासाठी. यार्डात लोहाला कोण विचारत नाही, साध्या बाजरीचाच भाव, म्हणून विकायला थोडी हायब्रीड आणि घरी खायला ही असं आम्ही ठरवलंय. नणंदेनं पण बी मागितलंय, तिच्यासाठी दोन किलो राखेत घालून ठेवलंय.