डूम खेळायचाय ना, मग आधी कुठला डूम ते ठरवा

डूम, म्हणजे बंदूक घेऊन राक्षसांना मारत पळायचा गेम, आला १० डिसेंबर १९९३ ला, डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीवर. त्यानंतर तो इतक्या मशीनवर गेला की आता कोणी नवीन माणूस डूम खेळायचाय म्हणाला तर पहिला प्रश्न कुठला हाच येतो, कारण नाव सगळीकडे तेच असलं तरी आत लेव्हल बदललेल्या, राक्षस गायब, म्युझिक वेगळं, एका ठिकाणी तर खेळताना म्युझिकच नाही. माझा हिशोब सोपा आहे. व्हर्जनने एकतर मूळ डूम धड दाखवावा, नाहीतर दुसरीकडे कुठेच मिळणार नाही असं काहीतरी द्यावं. दोन्ही नसेल तर कार्ट्रिज कितीही दुर्मिळ असू दे, त्यात वेळ घालवू नका.

मूळ म्हणजे पीसी. ३२० बाय २०० चं चित्र, सेकंदाला जास्तीत जास्त ३५ फ्रेम, वर-खाली बघता येत नाही, उडी मारता येत नाही, राक्षस वरच्या कठड्यावर उभा असेल तर आपण फक्त त्याच्या दिशेने तोंड करायचं, उंचीचा नेम गेम स्वतः लावतो. हे वाचून मागासलेलं वाटेल पण खेळायला लागलं की कळतं सगळा वेग यातूनच येतो, डोकं फक्त कुठे पळायचं यातच गुंतलेलं असतं. तीन एपिसोड, प्रत्येकात आठ लेव्हल आणि एक लपलेली, एकूण २७. १९९५ च्या अल्टिमेट डूममध्ये चौथा एपिसोड जोडला, तो बराच कडक आहे, सुरुवात तिथून करू नका.

आता डॉसचं मशीन शोधत बसायची गरज नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये आयडी सॉफ्टवेअरने सोर्स कोड खुला केला आणि लोकांनी त्यावर एकेक सोर्स पोर्ट बनवले, म्हणजे तोच गेम आजच्या मशीनवर चालवणारे प्रोग्राम. चॉकलेट डूम मुद्दाम जुन्यासारखाच, बग सकट. क्रिस्पी डूम त्याचाच भाऊ, फक्त चित्र दुप्पट बारीक आणि हालचाल स्मूथ. जीझेडडूममध्ये तर काय हवं ते करा, हजारो मॉड, म्हणजे लोकांनी गेममध्ये केलेले बदल, चालतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी क्रिस्पीच सांगेन. जीझेडडूम घेतलात तर उडी आणि माऊसने वर-खाली बघणं सेटिंगमधून बंद करा, कारण लेव्हल बनवल्या तेव्हा खेळणारा उडी मारेल हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं, उडी चालू असली तर चाव्या न शोधताच काही ठिकाणी पलीकडे जाता येतं आणि अर्धी मजा तिथेच जाते. यातल्या कशालाही गेमची वॅड फाइल लागते, म्हणजे ज्यात लेव्हल, चित्रं, आवाज असतात ती मूळ फाइल. पहिला एपिसोड शेअरवेअर म्हणून फुकटच आहे, तो आवडला तर पुढचं विकत घ्या.

कंट्रोलर हातात घेऊन टीव्हीसमोर बसायचं असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला डूम प्लस डूम टू घ्या, विषय संपला. नाईटडाइव्ह स्टुडिओच्या केक्स (KEX) इंजिनवर आहे, स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी सगळीकडे चालतो, दोन्ही गेम, मास्टर लेव्हल्स, टीएनटी, प्लुटोनिया हे जादा लेव्हलचे संच, वर लेगसी ऑफ रस्ट नावाचा नवीन एपिसोड, ऑनलाइन १६ जण खेळू शकतात, आणि म्युझिक मूळ मिडी ऐकायचं की अँड्र्यू हल्शल्टचं गिटारवालं हे मेनूतून निवडता येतं. २०१९ मध्ये आलेलं युनिटीवरचं व्हर्जन सुरुवातीला लॉगिन मागायचं, त्यावरून लोक भडकले होते, पण ते विकत घेतलेल्यांना हा नवीन फुकट अपडेट म्हणून मिळाला, त्यामुळे तो वाद आता जुना.

आता जुने कन्सोल. इथे एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे बाकीचं पटकन कळेल. १९९४ चं अटारी जॅग्वारचं व्हर्जन डूमचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने स्वतः केलं आणि मेमरी कमी म्हणून लेव्हल छाटल्या, खोल्या साध्या केल्या, टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) कमी केले. पुढे थर्टीटू एक्स, प्लेस्टेशन, थ्रीडीओ, सॅटर्न, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स सगळ्यांनी त्याच छाटलेल्या लेव्हल उचलल्या. जॅग्वार स्वतः चांगला पळतो, कंट्रोलरवर नंबरची बटणं असल्याने हत्यार थेट निवडता येतं, पण खेळताना म्युझिक नाही. शांततेत डूम, बघा जमतंय का. सेगा थर्टीटू एक्सला फक्त १७ लेव्हल, तिसरा एपिसोडच नाही, चित्राभोवती जाड चौकट, राक्षस कायम तोंड आपल्याकडेच करून, आणि म्युझिक असं की जॅग्वारची शांतता बरी वाटते. सोडून द्या.

सुपर निन्टेन्डोचं १९९५ चं व्हर्जन मात्र या कुळातलं नाही. रँडी लिंडनने स्वतःचं इंजिन लिहिलं, कार्ट्रिजमध्ये सुपर एफएक्स टू चिप घातली आणि ज्या मशीनवर हा गेम चालायलाच नको होता तिथे तो चालवला. गंमत म्हणजे लेव्हलचा नकाशा जॅग्वारपेक्षा पीसीच्या जास्त जवळचा. किंमत दुसरीकडे मोजली आहे, जमीन आणि छताला टेक्स्चर नाही, नुसता सपाट रंग, चित्र छोटं आणि धूसर, लांबचा राक्षस म्हणजे चार ठिपके, आणि सेव्ह नाही, पासवर्डही नाही. एपिसोड सुरू केला की एका बैठकीत संपवा. म्युझिक मस्त आहे. इंजिनिअरिंग म्हणून याला सलाम, तासभर जरूर बघा, पण पहिला डूम म्हणून हा खेळाल तर लोक या गेमसाठी एवढे वेडे का आहेत हे कळणारच नाही.

थ्रीडीओची कथा गेमपेक्षा भारी. पब्लिशरला वाटत होतं काम जवळपास झालंय, प्रत्यक्षात काहीच नव्हतं, आणि रेबेका हाइनमनने साधारण दहा आठवड्यांत एकटीने ते उभं केलं. म्युझिक कोड करायला वेळच नव्हता म्हणून खऱ्या बँडकडून वाजवून घेतलं, आणि तेच या व्हर्जनचं एकमेव सोनं. गेम इतका अडखळतो की चित्र छोटं केल्याशिवाय खेळवत नाही. साउंडट्रॅक ऐका, गेम राहू द्या.

आणि मग प्लेस्टेशन, नोव्हेंबर १९९५. जुन्यांपैकी एकच घ्यायचा असेल तर हाच, डोळे झाकून. लेव्हल जॅग्वारच्या छाटलेल्याच, पण डूम आणि डूम टू दोन्हीच्या मिळून, आणि त्यावर रंगीत प्रकाश टाकलाय, म्हणजे हिरव्या अ‍ॅसिडच्या कुंडाजवळ भिंती हिरव्या, लाल खोलीत सगळं लाल, आकाश जळतंय. संगीतकार ऑब्री हॉजेसने मेटल गाणी काढून टाकली आणि त्या जागी गुरगुरणं, कुजबुज, लहान मुलांच्या रडण्याचे आवाज असलं काहीतरी घातलं. राक्षसांचे आणि बंदुकांचे आवाजही नवीन. पीसीवर तुम्ही राक्षसांच्या मागे लागता, इथे दरवाजा उघडायच्या आधी हात थांबतो. तोच नकाशा, तेच हत्यार, पण गेम हॉररचा झालाय, आणि ही गोष्ट त्याआधी कुठल्याच कन्सोलने केली नव्हती. तोटे आहेत. डूम टूमधला आर्च-व्हाइल हा राक्षस नाही, डूम टूचा शेवटचा बॉस नाही, गर्दीत फ्रेम पडतात, सेव्हऐवजी पासवर्ड लिहून ठेवायचे. मूळ डिस्क असेल तर सायडूम नावाचा पोर्ट आहे, त्याने हेच व्हर्जन पीसीवर स्मूथ चालतं, माझ्या मते आज ते खेळायची सगळ्यात चांगली पद्धत तीच.

सॅटर्नवाल्यांचं नशीब वाईट. प्रोग्रामर जिम बॅगलीने हार्डवेअरवर चालणारा रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, बनवत आणला होता, पण टेक्स्चर वाकडे दिसतात म्हणून कारमॅकने नको म्हटलं, मग सगळं प्रोसेसरवर आलं आणि १९९७ मध्ये एक रखडत चालणारा प्लेस्टेशन डूम बाजारात आला, बहुतेक रंगीत प्रकाशाशिवाय. करून बघू द्यायला हवं होतं असं नंतर कारमॅक स्वतःच म्हणाला. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर रक्त हिरवं आहे, प्रवासात ठीक होतं, आता स्विच असताना कशाला.

राहिला डूम ६४. हा पोर्ट, म्हणजे जुनाच गेम दुसऱ्या मशीनवर नेलेला, नाहीच, १९९७ ला मिडवेने निन्टेन्डो ६४ साठी बनवलेला वेगळा गेम, सगळ्या लेव्हल नवीन, राक्षस नव्याने बनवलेले, आवाज पुन्हा ऑब्री हॉजेसचेच. जुन्या कार्ट्रिजवर खूप अंधार आहे, २०२० चं नाईटडाइव्हचं व्हर्जन घ्या, त्यात ब्राइटनेस नीट करता येतो आणि काही नवीन लेव्हलही आहेत. पण याच्या लेव्हलमध्ये स्विच आणि सापळे फार, कुठला स्विच काय उघडतो हे शोधण्यात वेळ जातो, म्हणून पीसीचे दोन्ही संपवा, जमलं तर प्लेस्टेशनचा थोडा चाखा, आणि मगच इकडे या.