मर्क्युरी ग्रँड मार्की, २००६: सासूबाईंच्या गुडघ्यांना मानवलेली गाडी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना सगळं वाचायला नको. फोर्डच्या मर्क्युरी या ब्रँडची २००६ची ग्रँड मार्की ही मोठी सेदान (एलएस प्रकारातली), पाऊण लाखाच्या आसपास मैल झालेली, एका निवृत्त गृहस्थांकडून चार हजार डॉलरला घेतली. मिशिगनमध्ये राहायचं, घरी सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि दुसऱ्या गाडीवर फार पैसे घालायचे नाहीत, असा हिशोब असेल तर याहून सोयीची गाडी मला दिसली नाही. पेट्रोल भरपूर पिते, पार्किंग शोधताना घाम काढते, बर्फात जपून चालवावी लागते. तरी पाचपैकी चार गुण, आणि कापलेला एक कशासाठी ते पुढे येईलच.

नवऱ्याचं म्हणणं होतं, घ्यायचीच तर तीन-चार वर्षं वापरलेली जपानी सेदान घेऊ, डोक्याला ताप नाही. मुद्दा चुकीचा नव्हता. पण आमच्या एसयूव्हीत चढताना आईंची, म्हणजे सासूबाईंची, जी तारांबळ उडायची ती मी रोज बघत होते. एका हातात साडीचा घोळ, दुसरा हात दारावरच्या हँडलला, आणि पाय वर टाकला की गुडघ्यातून कळ. छोट्या सेदानमध्ये उलटा प्रकार, बसताना धपकन खाली आणि उठताना दोघांनी ओढून काढायचं. ग्रँड मार्कीची सीट साधारण खुर्चीच्या उंचीवर आहे. दार लांबलचक आहे आणि ऐसपैस उघडतं. आई पाठमोऱ्या बसतात, मग निवांत पाय आत घेतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही चांगली आहे गं, हिच्यात बसायला कुणाचा हात लागत नाही." माझ्या दृष्टीनं सौदा तिथेच झाला होता. बाकीची तपासणी नवऱ्याच्या समाधानासाठी.

पुढची सीट म्हणजे जवळजवळ सलग बाक, मध्ये कन्सोल नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तो बघून अप्पा, म्हणजे माझे सासरे, खूश. "अगं हा तर फियाटचा हँडगिअर!" अर्थात हा ऑटोमॅटिक, फक्त जागा तीच. कागदोपत्री गाडी सहाजणांची आहे, पण पुढे मध्ये बसणाऱ्याला फक्त कमरेचा पट्टा मिळतो, खांद्यावरचा नाही. तिथे मी कुणाला बसवत नाही. आईंची पर्स, औषधांची पिशवी आणि लाडवांचा डबा बसतो.

अप्पा सांगलीच्या वालचंद कॉलेजचे मेकॅनिकलवाले, पुढे सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये. अमेरिकन गाड्यांचं त्यांना जुनं आकर्षण, कारण वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ जुळवल्या जायच्या, हा इतिहास त्यांना तोंडपाठ. गाड्या बघायला मी त्यांनाच घेऊन जायची. विकणारा बोलत असतो, मी मान डोलावत असते, आणि पंच्याहत्तरीच्या घरातला हा माणूस ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरून गाडीखाली आडवा झालेला असतो. अमेरिकन विक्रेत्यांचे त्या वेळचे चेहरे बघण्यासारखे असतात.

खालून त्यांचा पहिला प्रश्न आला, "पाटे कुठायत याचे?" पाटे, म्हणजे ट्रक-बसला असतात त्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, इथे नाहीत. मागे अखंड ॲक्सल आहे, पण कॉइल स्प्रिंगांवर. बाकी रचना मात्र त्यांच्या ओळखीची निघाली: वेगळी चॅसिस, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना. हा सांगाडा फोर्डनं १९७९च्या मॉडेलांपासून २०११पर्यंत चालवला. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरीची ग्रँड मार्की आणि लिंकनची टाउन कार ही त्याच घरातली भावंडं. पहिली पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी उचलली, तिसरी विमानतळावरच्या काळ्या सूटवाल्या ड्रायव्हरांनी, आणि मधली आजी-आजोबांनी. म्हणून जुनी घ्यायची तर मधली बघावी. आजोबा लोक वेळेवर ऑइल बदलतात, पावत्या पाकिटात जपून ठेवतात आणि गाडी गराजमध्ये झाकून ठेवतात. आम्हाला गाडीबरोबर असं जाडजूड पाकीट मिळालं, आणि मला त्याची किंमत गाडीवरच्या नव्या पॉलिशपेक्षा जास्त वाटली.

या पाकिटाचं महत्त्व कायद्यामुळे आणखी वाढतं. विक्रीच्या वेळी मैलांचा आकडा लेखी जाहीर करायचा जो फेडरल नियम आहे, त्यातून २०१०पर्यंतच्या मॉडेलांना सूट आहे. म्हणजे इतक्या जुन्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, आकडा असला काय नि नसला काय, त्याची हमी कुणी घेत नाही. पावत्यांवर तारीख आणि मैल दोन्ही असतात. त्या ओळीनं लावल्या की आकडा खरा की बनावट ते कळतं. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कडा बघा. "फक्त चाळीस हजार मैल" असं सांगणाऱ्याच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं असेल तर नमस्कार करून निघा.

आता गंजाबद्दल, कारण या राज्यात जुनी गाडी घेणं म्हणजे नव्वद टक्के तिचा तळ घेणं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या खाली हजारएक फुटांवर मिठाची खाण आहे, म्हणजे ज्या गावानं गाड्या घडवल्या त्याच गावाच्या पोटात त्यांना खाणारं मीठही आहे. वरचा रंग झकास असतो आणि खाली चॅसिसचे पापुद्रे निघत असतात. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या एका हायवेकडेच्या लॉटवर आम्ही अशीच एक चंदेरी मार्की बघितली. वरून आरशासारखी. खाली सगळीकडे ताजं काळं कोटिंग, अजून वास येत होता. अप्पांनी खिशातलं नाणं काढून मागच्या चाकापुढच्या चॅसिसवर घासलं. काळ्या थराखालून तपकिरी चुरा पुठ्ठ्यावर पडला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन ठिकाणी ठोकून बघितलं. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, इथे बद्द आला. सेल्समन म्हणाला, "ते फक्त वरवरचं आहे." अप्पा मला मराठीत म्हणाले, "आतूनही वरवरचंच आहे, चल."

आमच्या गाडीचे मालक दर हिवाळ्यात फ्लोरिडाला जायचे आणि गाडी घेऊन जायचे, त्यामुळे तिनं मीठ फार खाल्लेलं नाही. तरी मी तिला पैसे देऊन एका स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. शंभरएक डॉलर गेले. ते वाचवू नका, घरात एसटीचा माणूस असला तरी. मेकॅनिकनं टॉर्च धरून ब्रेकच्या लोखंडी नळ्या मागपर्यंत दाखवल्या, कारण चॅसिसच्या आधी त्या फुटतात आणि ब्रेक पेडल थेट जमिनीला टेकतं. मागच्या ॲक्सलजवळ एका नळीवर गंज धरू लागला होता. ती बदलण्याचे पैसे धरून मी किमतीत घासाघीस केली, आणि साडेचारचे चार झाले.

वर्षं निवडताना थोडी माहिती हाताशी असू द्या. १९९६ ते २००१च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनावरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, सगळा प्लास्टिकचा होता. त्यातून पुढच्या बाजूनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जातं, आणि तिथेच तो तडकायचा. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पुढे तेवढा भाग ॲल्युमिनियमचा आला. जुनी बघत असाल तर मॅनिफोल्ड बदललाय का ते विचारा. २००३मध्ये चॅसिस आणि स्टिअरिंग नवं आलं, गाडी वळायला बरीच शहाणी झाली. पण २००३ ते २००५च्या गाड्यांत दिव्यांचं नियंत्रण करणारं मॉड्यूल बिघडून हेडलाइट अचानक जाण्याच्या तक्रारी होत्या, म्हणून मी २००६वर येऊन थांबले. या वर्षी इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरही आला, आईंना त्याचं काही नाही, अप्पांना आहे.

चालवून बघताना गाडी थंड असतानाच सुरू करा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जा आणि सकाळी या. मग सपाट रस्त्यावर ४०-४५ मैलांच्या वेगानं पाय हलका ठेवून चालवा. खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर कुरकुरतोय. कधी ते ऑइल बदलून थांबतं, कधी खर्चात पाडतं. काही गाड्यांना मागे स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे असतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी मागून बसलेली दिसली तर फुगा गळतोय. आमची स्प्रिंगवाली आहे, कटकट नाही.

कागदपत्रांचं काम इथे सोपं आहे. ओहायोत टायटलवरच्या सहीला नोटरी लागतो, मिशिगनमध्ये लागत नाही. विकणाऱ्यानं सही केली की ते घेऊन १५ दिवसांत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (इथलं आरटीओच म्हणा) जायचं, किमतीवर ६ टक्के कर भरायचा. आमचे २४० डॉलर झाले. नंबरप्लेट जुन्या मालकाकडेच राहते, त्यामुळे "प्लेटसकट देतो" म्हणणाऱ्यापासून सावध. गंमत म्हणजे वार्षिक नोंदणीची फी गाडी नवी असतानाच्या छापील किमतीवरून ठरते, तुम्ही किती दिले त्यावरून नाही. चार हजारांच्या गाडीला सरकार अजून मोठ्या घरचीच समजतं.

वापराबद्दल. लांबी सुमारे साडेसतरा फूट. आमच्या गराजमधला डीप फ्रीझर हलवावा लागला तेव्हा दार बंद झालं. डिक्की २०.६ घनफूट आणि मध्ये विहिरीसारखी खोल. विमानतळावरून चार मोठ्या बॅगा आडव्या-उभ्या करून गेल्या, वर लोणच्याचं खोकं. पण त्या खड्ड्यातून बॅग बाहेर काढायला कंबर लागते, हे ध्यानात ठेवा. ड्रायव्हरच्या दारावर आकड्यांची बटणं आहेत, पाच आकडे दाबले की कुलूप उघडतं. मालकाला नंबर आठवत नसेल तर डिक्कीच्या बिजागरीवरच्या छोट्या स्टिकरवर शोधा. आम्हाला तिथेच मिळाला. आईंनी तो लगेच पाठ केला. किल्ली न मागता आपण गाडीत जाऊन बसू शकतो, याचं त्यांना फार अप्रूप. आता किराणा दुकानात मी रांगेत असते आणि त्या केव्हाच जाऊन बसलेल्या असतात.

हायवेवर गाडी छान चालते. राज्याच्या उत्तरेकडच्या मॅकिनॉ पुलापर्यंत जाऊन आलो, मागच्या सीटवर अप्पा आख्खा प्रवास झोपले. वळणांवर मात्र कलते, आणि स्टिअरिंग इतकं हलकं की पहिले काही दिवस मी लेनमध्ये उगाच दुरुस्त्या करत होते. मायलेजचा सरकारी आकडा गॅलनला शहरात १५-१६ आणि हायवेवर २३-२४ मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला जेमतेम पावणेसात नि दहा किलोमीटर. १९ गॅलनची टाकी भरताना पंपावरचा आकडा बघू नये. रोज पन्नास मैल ऑफिसला जाणाऱ्यानं ही गाडी घेऊच नये, हे मी नवऱ्यालाही सांगितलंय.

कापलेला एक गुण सुरक्षेसाठी. समोरच्या धडकेला ही गाडी भक्कम आहे, पण घसरताना सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोलची यंत्रणा या मालिकेत कधी आलीच नाही. मागच्या चाकांना ताकद म्हणजे बर्फात मागची बाजू आधी सुटणार. विंटर टायर घेतल्याशिवाय नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर ती गराजबाहेर काढायची नाही, असं ठरलंय. दुसरं म्हणजे पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे आहे. मागून भरधाव धडक बसून पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरिया पेटल्याची प्रकरणं झाली आणि २००२मध्ये फोर्डनं पोलिसांच्या गाड्यांना संरक्षक पत्रे द्यायचं जाहीर केलं. हायवेच्या कडेला थांबलेल्या पोलिसाला हा धोका आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी माहीत असलेलं बरं.

सुट्या भागांची काळजी मला विचारणारे सगळेच करतात. शेवटची मर्क्युरी २०११च्या जानेवारीत बनली, तीही ग्रँड मार्कीच, आणि कारखाना होता कॅनडात, ओंटारिओमधल्या सेंट थॉमसला. म्हणून चॅसिस नंबर २ या आकड्यानं सुरू होतो. तो बघून गोंधळू नका. ब्रँड गेला तरी इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं क्राउन व्हिक्टोरियाचंच, त्यामुळे कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतं. अडतं ते फक्त मर्क्युरीचं खास असलेलं: जाळी, दिवे, पट्ट्या. पार्किंगमध्ये कुणी ठोकली तर ते भंगारवाल्याकडे शोधावं लागेल.

आणि पोलिसांच्या लिलावातली क्राउन व्हिक्टोरिया घ्यायचा मोह होत असेल, त्या अर्ध्या किमतीत दिसतात, तर मैलांवर जाऊ नका. गस्तीची गाडी दिवसभर जागेवर सुरू राहते, मैल वाढत नाहीत आणि इंजिन झिजतं. २००६पासूनच्या पोलिसांच्या गाड्यांत इंजिन किती तास चाललं आणि त्यातले किती तास नुसतं उभ्यानं चाललं, हे मीटरवरच बघता येतं. विकणाऱ्याला किल्ली फिरवायला लावा आणि ते दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या, मग किमतीचं बोला.