फळबागेला जिवाणू खत: पावडर घ्यावी, द्रवरूप की जीवामृत?

निफाड-दिंडोरीची द्राक्षं असोत की सटाणा-देवळ्याचं डाळिंब, आपल्या बऱ्याच जमिनींत चुनखडी जास्त. टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो, मुळांना लागूच होत नाही. म्हणून इथे माझी पहिली पसंती पीएसबीला, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंना. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. ॲझोटोबॅक्टर हा दुसरा जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) स्थिर करतो. नव्या लागवडीला तो जरूर द्या, पण बाग आधीच माजलेली, म्हणजे नुसती पाल्याने वाढलेली असेल तर फुलासाठी त्याच्यामागे लागू नका.

आता रूप कोणतं? पावडर स्वस्त, पण ती ड्रिपमधून सोडू नये, ड्रिपर चोंदतात. ओलसर, कुजलेल्या शेणखतात कालवून सावलीत आठवडाभर झाकून ठेवा, मग बोदावर (झाडांच्या ओळीच्या उंचवट्यावर) मुळांजवळ मातीआड करा. मजूर आणि शेणखत हाताशी असेल तर हा मार्ग उत्तम.

ड्रिपची मोठी बाग असेल तर द्रवरूपच घ्या. सरकारी मानकाप्रमाणे पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. टिकतंही जास्त. मात्र ॲसिडने लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) धुतल्या असतील तर आधी साध्या पाण्याने नीट फ्लश करा. बाटली पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवलेल्या दुकानातून घेऊ नका, मुदत कितीही लांबची असली तरी.

जीवामृत घरचं. २०० लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. मातीतली हालचाल वाढवायला छान, पण त्यात कोणता जिवाणू किती आहे हे सांगता येत नाही. पीएसबीची जागा ते घेईल असं मला वाटत नाही.

वेळेचं मात्र मनावर घ्या. द्राक्षात पुढच्या हंगामाचे घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फांदीवरच्या डोळ्यांतच ठरतात, म्हणून पीएसबी त्या छाटणीलाच द्या. ऑक्टोबरच्या छाटणीला दिलं तर फक्त आधार मिळतो. डाळिंबाला ताणावर असताना, म्हणजे बहरासाठी पाणी तोडलेलं असताना देऊ नका, कोरड्या मातीत जिवाणू तगत नाहीत. ताण तोडून पाणी दिल्यावर, वाफसा आला (माती चिखल न राहता ओलसर झाली) की सोडा. आणि बोर्डो किंवा कॉपर या बुरशीनाशकांचं ड्रेंचिंग (मुळांशी ओतणं) झालं असेल तर आठ-दहा दिवस थांबा.